होमोसिस्टीन : खूण की कारण?

चारकोपच्या बाजारात रस्त्यावर छत्र्या जास्त दिसल्या, की पाऊस जास्त असतो. म्हणून छत्र्या मिटल्या तर पाऊस थांबेल, असे कोणी म्हणत नाही. पण रक्ततपासणीतला एखादा आकडा हृदयविकाराबरोबर वाढलेला दिसला, की तो खाली आणला म्हणजे धोका टळला, असे आपण सहज धरून चालतो. होमोसिस्टीनचा इतिहास या दृष्टीने वर्गात सांगण्याजोगा आहे.

आपण खातो त्या प्रथिनांत मेथिओनिन नावाचे अमिनो आम्ल असते. शरीरात त्यापासून होमोसिस्टीन तयार होते. त्याचे पुन्हा मेथिओनिन व्हायचे तर बी-१२ जीवनसत्त्व आणि फोलेट लागते. ही कमी पडली, की होमोसिस्टीन रक्तात साठू लागते.

१९६९ साली अमेरिकेतील किल्मर मॅकली यांनी दोन मृत बालकांच्या रोहिण्या तपासल्या. दोघांमधील विकरांचे दोष वेगवेगळे होते. पण होमोसिस्टीन दोघांतही वाढलेले आणि रोहिण्या सारख्याच खराब झालेल्या. तेव्हा दोष होमोसिस्टीनचाच, असा तर्क त्यांनी मांडला. पुढे पाश्चात्त्य देशांतील अनेक पाहण्यांत हृदयरोग्यांच्या रक्तात ते जास्त आढळले.

पुण्यात चित्र निराळे निघाले. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि नॉर्वेतील संशोधक यांनी २००१ मध्ये २०४ जणांची तपासणी प्रसिद्ध केली. त्यांत हृदयरोगी होते, मधुमेही होते आणि निरोगीही होते. ७७ टक्के लोकांत होमोसिस्टीन वाढलेले होते; पण रोगी आणि निरोगी यांच्यात लक्षणीय फरक नव्हता! २००६ मध्ये पुणे परिसरातील ४४१ पुरुषांची पाहणी प्रसिद्ध झाली. त्यांतील ६७ टक्के जणांत बी-१२ कमी होते आणि शाकाहारी लोकांत हा धोका ४.४ पट होता. आकडा हृदयापेक्षा ताटाबद्दल अधिक सांगत होता.

त्याच वर्षी दोन मोठ्या चाचण्यांचे निष्कर्ष आले. नॉर्वेत ३,७४९ आणि कॅनडातून चालवलेल्या चाचणीत ५,५२२ जणांनी भाग घेतला होता. जीवनसत्त्वे दिल्यावर होमोसिस्टीन उतरले. हृदयविकाराचे झटके मात्र घटले नाहीत. कोलेस्टेरॉल याच कसोटीला उतरले होते. १९९४ च्या स्कँडिनेव्हियातील चाचणीत ४,४४४ हृदयरोग्यांपैकी ज्यांचे कोलेस्टेरॉल औषधाने कमी केले, त्यांच्यात मृत्यूही कमी झाले.

मग बी-१२ कडे दुर्लक्ष करावे का? मुळीच नाही. ते कमी पडले तर पांडुरोग होतो, मज्जातंतूंना इजा होते. ते दूध, अंडी, मासे, मांस यांतून मिळते, भाज्या-डाळींतून नाही. म्हणून शाकाहारी घरात त्याची कमतरता शोधणे आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने भरून काढणे आवश्यकच आहे. पण ती गोळी हृदयाचे कवच समजून घेऊ नये.

प्रयोगशाळेत काम करताना आम्हीही प्रत्येक नव्या खुणेला एकच प्रश्न विचारतो : ही बदलून पाहिली, तेव्हा रोग बदलला का? आरोग्याची बातमी वाचताना मुलांनाही तो विचारायची सवय लावता येईल.