जुन्या एक नंबरची ओळख

एखाद्या यंत्राचा एकेक भाग बदलत गेला, तर शेवटी आपल्यापुढे उभे असते ते यंत्र तेच की दुसरे? प्रश्न नवा नाही. 'मिलिंदपञ्ह' या पाली ग्रंथात नागसेन मिलिंद राजाला रथाविषयी हाच प्रश्न घालतो. आस म्हणजे रथ काय? चाक म्हणजे रथ काय? १९९० साली लंडनच्या हायकोर्टात हाच प्रश्न एका मोटारीविषयी उभा राहिला, आणि त्याच्या उत्तरावर १ कोटी पौंडांचा सौदा अडून बसला होता.

मोटार बेंटले कंपनीची, 'स्पीड सिक्स' जातीची. फ्रान्समधील ल मां येथील चोवीस तासांची शर्यत तिने १९२९ आणि १९३० अशी लागोपाठ दोन वर्षे जिंकली. दोन्ही वेळी चालकांत वुल्फ बार्नाटो होता. कंपनीही त्याच्याच पैशावर चाले, आणि तो पैसा किंबर्लीच्या हिऱ्यांच्या खाणींतून आलेला. लोक या मोटारीला 'ओल्ड नंबर वन' म्हणू लागले.

१९३१ साली कंपनी बुडाली व रोल्स-रॉइसकडे गेली. मोटार मात्र धावतच राहिली. १९३२ मध्ये तिच्यात ८ लिटरचे मोठे इंजिन बसविले गेले. त्याच सप्टेंबरात ब्रुकलँड्स येथे ५०० मैलांच्या शर्यतीत ती कठड्यापलीकडे गेली आणि चालक क्लाइव्ह डन्फी ठार झाला. मोडलेल्या मोटारीवर पुढे बंद टपाचा सांगाडा चढला. अशी तिची रूपे पालटत गेली.

खरेदीदार म्हणाला, ही ती मोटार नव्हेच. न्यायमूर्ती ऑटन यांनी एकेक भाग तपासला. १९३० च्या मोटारीतले म्हणून निश्चित सांगता येईल असे उरले होते पेडलचा दांडा, गिअरबॉक्सचे कवच आणि स्टिअरिंगचा दांडा, एवढेच! चॅसी, पुढचा आस, मोठे इंजिन हे सारे नंतरचे. तरीही निकाल विक्रेत्याच्या बाजूने लागला. तिला 'मूळ' म्हणता येणार नाही, पण ती 'अस्सल' आहे, असे न्यायमूर्ती म्हणाले. नवे भाग हळूहळू जुन्यात मिसळत गेले, मध्ये कोठेही ओळख तुटली नाही, आणि त्या नावावर हक्क सांगणारी दुसरी मोटार जगात नाही, हे त्यांचे कारण.

आम्हा कामगारांना हे कळायला कठीण जात नाही. मुंबईच्या गिरण्या चालू होत्या तेव्हा साचेखात्यात मागाचे धोटे बदलत, पट्टे बदलत, पण मागाचा नंबर तोच राही. संघटनेचेही तसेच. सभासद येतात, निवृत्त होतात, मरतात, संघटना टिकते. मात्र एक अट आहे. वहीत खंड पडता कामा नये. कोणता भाग केव्हा निघाला, त्या जागी काय बसले, याची नोंद नसेल तर न्यायाधीश तपासणार काय? मग ज्याच्या हाती पैसा, त्याचाच शब्द खरा ठरतो.

आणखी एक गोष्ट आम्हाला येथे नोंदवावीशी वाटते. शर्यत जिंकणाऱ्यांची नावे इतिहासात आहेत. पण न्यायमूर्तींच्या यादीतली प्रत्येक वस्तू कोणा ना कोणा जोडाऱ्याच्या हातून बसली होती. ज्या कामाने ही ओळख अखंड राहिली, ते काम या जोडाऱ्यांचे. निकालात चालकांची नावे सापडतात. यांची नावे शोधण्याचे काम इतिहासाच्या अभ्यासकांनी अंगावर घ्यावे, एवढीच आमची विनंती आहे.