हौशी कवकाभ्यासक आणि टिकाऊ काचपट्टी

विज्ञानाच्या इतिहासलेखनात ग्रंथांना व चित्रांना साधनांचा मान मिळतो. सूक्ष्मदर्शकाच्या काचपट्टीला तो क्वचितच मिळतो. रॉबर्ट हूक याने १६६५ साली बुरशी व गुलाबावरील तांबेरा यांची चित्रे प्रसिद्ध केली. परंतु चित्र ही पाहणाऱ्याची साक्ष होय. तिची फेरतपासणी नमुना टिकला तरच शक्य होते.

लंडन येथे १८६५ साली स्थापन झालेल्या क्वेकेट मायक्रोस्कोपिकल क्लबमुळे हौशी अभ्यासकांना आपल्या काचपट्ट्या परस्परांस दाखविण्याची सोय झाली. क्लबच्या संस्थापकांपैकी एम. सी. कुक हे त्या काळी तेथील इंडिया म्युझियममध्ये नोकरीस होते. तांबेरा, काणी, भुरी इत्यादी कवकांवरील त्यांचा ग्रंथ त्याच वर्षी निघाला.

नमुना टिकविणे मात्र सोपे नव्हते. कॅनडा बाल्सम वापरावयाचे तर नमुन्यातील पाणी मद्यार्काने पूर्णपणे काढावे लागे, आणि त्यात नाजूक कवकतंतू आकसत. शिवाय बाल्समचा वक्रीभवनांक काचेच्या जवळपास असल्याने न रंगविलेले तंतू दिसेनासे होत. ग्लिसरीन जेलीने हे दोष बरेचसे टळत. परंतु वरच्या पातळ काचेच्या कडा व्हार्निशने बंद न केल्यास ती सुकत असे. १८९६ साली आमान यांनी लॅक्टोफिनॉल सुचविल्यावर तंतूंचा आकार राखणे सुलभ झाले. तथापि ते द्रवच असल्याने कडा बंद करण्याचे कौशल्य अधिकच महत्त्वाचे ठरले.

एवढे करूनही कवक कोणत्या झाडावर, कोठे व केव्हा मिळाले याची चिठ्ठी नसेल, तर ती काचपट्टी मुकी राहते. चिठ्ठी असलेली काचपट्टी हौशी माणसाने केलेली असली तरी अस्सल कागदपत्राच्या योग्यतेची होय. जुने संग्रह निकालात काढण्यापूर्वी एवढा विवेक अवश्य व्हावा.