व्रत एकाचे, संसार दोघांचा

काटकसर हा शब्द आपल्या घरात इतका रुळलेला आहे की त्याचा इतिहास असू शकेल असे कोणास वाटत नाही. राजांचा इतिहास असतो, लढायांचा असतो. डाळीच्या डब्याचा आणि जुनेराच्या गोधडीचा कसला इतिहास? तथापि गेल्या दीडशे वर्षांतील महाराष्ट्राच्या ज्या संस्थांचा आपण अभिमान बाळगतो, त्यांपैकी कितीतरी संस्था देणग्यांइतक्याच या डब्यांवर आणि गोधड्यांवर उभ्या राहिल्या. म्हणून या वासंतिक व्याख्यानांच्या निमित्ताने आम्ही त्या बाजूकडे थोडे वळून पाहणार आहोत.

प्रथम शब्दांचा घोळ निस्तरला पाहिजे. दारिद्र्य म्हणजे काटकसर नव्हे. ज्याच्या घरी संध्याकाळची चूल पेटेल की नाही याची भ्रांत आहे, त्याला काटकसरीचा उपदेश करणे हा निव्वळ निर्दयपणा होय. कृपणता म्हणजेही काटकसर नव्हे. कृपणाला पैसा हेच साध्य असते. आणि ज्याला आपण साधेपणा म्हणतो, तोही पुष्कळदा संपन्नतेतलाच संयम असतो. रमाबाई रानडे यांनी आपल्या आठवणींत आंब्याची एक हकीकत दिली आहे. न्यायमूर्तींनी आंब्याच्या एकदोन फोडी खाऊन हात आवरला, तेव्हा आंबा गोड नव्हता काय, असे रमाबाईंनी विचारले. न्यायमूर्तींनी विद्यार्थिदशेत पाहिलेल्या एका शेजारणीची गोष्ट सांगितली. तिचे चांगले दिवस गेले होते, पण जिभेच्या जुन्या सवयी गेल्या नव्हत्या आणि त्यांपायी ती कष्टी होत असे. ते पाहून रानड्यांनी जिभेला आवर घालण्याचा निश्चय केला. गोष्ट मोठी आहे, पण ताटात आंबा होता आणि तो बाजूला सारण्याचे स्वातंत्र्यही होते, हे विसरता येत नाही. १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमालेचा पाया घालणाऱ्या या पुरुषाचा संयम हा भरल्या घरातला संयम होता.

आम्हांस येथे विचार करावयाचा आहे तो तिसऱ्याच प्रकाराचा. अधिक मिळवता आले असते, पण आपल्या पसंतीचे काम करता यावे म्हणून जाणूनबुजून कमी मिळवले आणि त्या कमीत घर चालवले, अशी ही काटकसर आहे. ती स्वातंत्र्याची किंमत असते. प्रश्न एवढाच की ही किंमत ठरवतो कोण आणि रोज मोजतो कोण?

१८८० च्या जानेवारीत विष्णुशास्त्री चिपळूणकर, टिळक आणि नामजोशी यांनी पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल काढले. पुढच्या वर्षी आगरकर येऊन मिळाले. त्या काळी पदवीधर माणूस म्हणजे सरकारी नोकरीचा हक्काचा उमेदवार. घराण्यातला एक मुलगा बी. ए. झाला की मागची देणी फिटतील, धाकट्यांची शिक्षणे होतील, बहिणींची लग्ने उरकतील, असा हिशेब घरोघर मांडलेला असे. आगरकर तर कऱ्हाडजवळच्या टेंभू गावच्या अत्यंत गरीब घरातले. माधुकरी मागत, मिळेल ते काम करीत ते शिकले. त्यांनी आईस लिहिलेले पत्र प्रसिद्ध आहे. मुलाच्या मोठमोठ्या परीक्षा झाल्या, आता मोठ्या पगाराची जागा मिळेल असे मनोरथ बांधू नकोस, पोटापुरत्या पैशावर संतोष मानून मी आपला वेळ परहितार्थ घालवणार आहे, असा त्याचा आशय. हे पत्र आपण त्यागाचा दाखला म्हणून वाचतो, आणि तसे ते आहेच. पण ते ज्या माऊलीच्या हाती पडले तिच्या बाजूने ते सहसा कोणी वाचत नाही. तिच्या दृष्टीने ते पत्र म्हणजे वर्षानुवर्षे मांडलेल्या हिशेबावर एका ओळीत मारलेली काट होती.

१८८४ साली डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली आणि १८८५ च्या आरंभी फर्ग्युसन कॉलेज सुरू झाले. आजीव सदस्याने वीस वर्षे संस्थेची सेवा करावयाची. गोखल्यांच्या वेळी त्याचे वेतन फार तर ७५ रुपये आणि निवृत्तीनंतर ३० रुपये पेन्शन असे. वेतन थोडे, पण सरकारी खात्याचा अंकुश नाही, आणि कॉलेजच्या वेळेबाहेर लिहिण्याबोलण्यास माणूस मोकळा. ‘सुधारक’ सारखे पत्र चालवून सगळ्या गावाचा रोष ओढवून घेणे आगरकरांना शक्य झाले, त्याचे एक कारण या ७५ रुपयांत आहे. गरजा बेतशीर ठेवणारा माणूस सहजासहजी वाकवता येत नाही.

परंतु याच मंडळीत पुढे वाद माजला आणि १८९० च्या अखेरीस टिळक सोसायटीतून बाहेर पडले. वादाची कारणे अनेक होती. पगारवाढ आणि बाहेरची मिळकत हे त्यांतले एक ठळक कारण. टिळकांच्या डोळ्यांपुढे जेझुइट पाद्र्यांचा कित्ता होता: संस्थेने द्यावे तेवढे घ्यावे, वेगळी मिळकत करू नये आणि सर्व शक्ती एका कामाला वाहावी. तत्त्व म्हणून यात खोट काढणे कठीण आहे. मात्र जेझुइट पाद्री ब्रह्मचारी असतो. त्याला बायको नाही, मूल नाही, पाठीवर विधवा बहीण नाही, दारात आलागेला नाही. पुण्याच्या आजीव सदस्याला हे सारे होते. मठातले व्रत वाड्यातल्या बिऱ्हाडात आणले गेले. पण मठात स्वयंपाकघर सांभाळणारी गृहिणी नसते, आणि बिऱ्हाडात तिच्यावाचून घडीभर चालत नाही, हा भेद त्या वादात कोणी मोकळेपणाने मांडलेला दिसत नाही.

हे बिऱ्हाड कसे चालत असे ते थोडे डोळ्यांसमोर आणावे. सुगीला धान्य स्वस्त असते तेव्हा वर्षाची बेगमी करावयाची. हाती एकरकमी पैसा नसेल तर तीही करता येत नाही, आणि मग गरिबाला वाण्याकडून महाग धान्य घ्यावे लागते. लुगडे विरले की त्याचे परकर, परकर विरले की गोधडी, गोधडी फाटली की पोतेरे. कोंड्याचा मांडा करावयाचा, आणि त्यातच आठवड्याच्या एका वाराला जेवायला येणाऱ्या गरीब विद्यार्थ्याचे पान मांडावयाचे. हे सारे शास्त्र होते. त्याला हिशेब लागे, दूरदृष्टी लागे, हातात कसब लागे. सभेत टाळ्या मात्र व्रताला पडत. शास्त्राला पडत नसत.

आगरकर १७ जून १८९५ रोजी वारले, तेव्हा त्यांनी वयाची चाळिशीही गाठली नव्हती. आपल्या अंत्यविधीपुरते पैसे त्यांनी पुडीत बांधून उशाशी ठेवले होते, अशी आठवण सांगतात. ती ऐकताना कोणाचेही डोळे पाणावतील. परंतु त्याच खोलीत यशोदाबाई होत्या, मुले होती. आणि पुडी संपल्यानंतरचा जमाखर्च त्यांनाच मांडावयाचा होता.

१९०५ साली गोखल्यांनी भारत सेवक समाज काढला. त्याच्या सभासदाने घ्यावयाच्या शपथांत एक अशी आहे की समाज आपल्यासाठी आणि आपल्या कुटुंबासाठी जी तरतूद करू शकेल तीत समाधान मानीन आणि स्वतःकरिता पैसा मिळवण्यात शक्तीचा कोणताही अंश खर्चणार नाही. येथे कुटुंबाचा निदान उल्लेख तरी झाला, ही पुढची पायरी होय. मात्र समाधान मानण्याची शपथ घेणारा एकटाच. आणि ज्यांनी समाधान मानावयाचे त्यांत सारे घर आले.

या प्रश्नाची दुसरी बाजू आम्हांस कळते ती एका घराने आपले दोन जमाखर्च मागे ठेवले म्हणून. ते घर धोंडो केशव कर्वे यांचे. १८९१ साली मुंबईतल्या शिकवण्या सोडून ते फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवण्यास आले. ११ मार्च १८९३ रोजी त्यांनी गोदूबाईंशी, म्हणजे पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनातील पहिल्या विधवा विद्यार्थिनीशी, पुनर्विवाह केला. मुरूडच्या गावकऱ्यांनी बहिष्कार घातला. १८९६ साली अनाथ बालिकाश्रम निघाला आणि १९०० साली तो हिंगण्याला गेला. आरंभीच्या दिवसांत दिवसभर कॉलेजात शिकवावे, संध्याकाळी आश्रमाचे सामान घेऊन हिंगण्याची चिखलाची वाट तुडवावी आणि पहाटे परत फिरावे, असा अण्णांचा क्रम होता. शिल्लक आश्रमाला, वेळ आश्रमाला. हा सारा वृत्तान्त त्यांनी ‘आत्मवृत्त’ या पुस्तकात १९१५ साली लिहून ठेवला, आणि तोही कोठे आवाज न चढवता.

दुसरा जमाखर्च यायला १९४४ साल उजाडावे लागले. आनंदीबाई कर्व्यांचे, म्हणजे बायांचे, ‘माझे पुराण’ त्या वर्षी निघाले. तोच काळ, तेच घर. पण खतावणी निराळी. मिळकत संस्थेकडे वाहत असता मुलांचे कसे भागवावयाचे, उद्या काही झाले तर जवळ काय आहे, हा प्रश्न तेथे गृहिणीने विचारलेला आहे. बाया नुसत्या कुरकुरत बसल्या नाहीत. नागपुरास जाऊन त्या सुईणीचे काम शिकल्या, घराला हातभार लावला आणि त्याच आश्रमासाठी वर्गणीही गोळा करीत हिंडल्या. त्या अण्णांच्या कार्याच्या विरोधी नव्हत्या. त्या स्वतःच त्या कार्याचे पहिले फळ होत्या. त्यांचे म्हणणे एवढेच दिसते की माझ्या घरात काय कमी करावयाचे ते मला विचारून कमी करा. दोन्ही पुस्तके एकापुढे एक ठेवून वाचल्यावर अण्णांविषयीचा आदर तिळमात्र घटत नाही. फक्त तो आदर दोघांत वाटला जातो. एकोणतीस वर्षे आपण अर्धाच जमाखर्च वाचत होतो, हे मात्र लक्षात येते.

व्रतात स्त्रीने आपणहून पाऊल टाकल्याचे उदाहरण साताऱ्यास मिळते. भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ साली साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांना एकत्र ठेवणारे वसतिगृह सुरू केले. मुलांच्या तोंडी घास घालण्याची वेळ आली आणि पैसा संपला, तेव्हा लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले, शेवटी मंगळसूत्रही दिले. ज्या काळी दागिना हीच स्त्रीची स्वतःची म्हणावी अशी एकमेव ठेव, त्या काळी हे घडले. १९३० साली त्या वारल्या. संस्थेचा पुढचा विस्तार पाहण्यास त्या उरल्या नाहीत; पण तिच्या पायात सोने कोणाचे आहे हे रयतच्या विद्यार्थ्यांना माहीत असते, ही समाधानाची गोष्ट होय.

आणि दोघांनी मिळून बेत आखलेले घर पाहावयाचे तर पुन्हा कर्व्यांकडेच यावे लागते. अण्णांचे थोरले चिरंजीव रघुनाथराव याच काटकसरीत वाढले. संततिनियमनाच्या प्रचारापायी १९२५ साली त्यांनी विल्सन कॉलेजातील प्राध्यापकी सोडली आणि जुलै १९२७ मध्ये ‘समाजस्वास्थ्य’ मासिक काढले. खटले झाले, १९३४ च्या खटल्यात डॉ. आंबेडकर त्यांचे वकील म्हणून उभे राहिले. मासिकाने कधी पैसा दिला नाही, तरी १९५३ साली मृत्यू येईपर्यंत ते त्यांनी चालवले. हे शक्य झाले कारण मालतीबाई शिक्षिका होत्या, त्यांचा पगार घरात येत होता, आणि अपत्य होऊ न देण्याचा निर्णय या जोडप्याने घेतला होता. त्यांच्या मतांशी कोणी सहमत होवो वा न होवो; घरात किती येणार, किती लागणार आणि कशासाठी कमीत राहावयाचे, याचा हिशेब तेथे मांडलेला होता, आणि त्यात बायकोचा हात नवऱ्याइतकाच होता.

या सर्व घरांकडे पाहून आम्हांस असे वाटते की काटकसरीची थोरवी ती किती कमीत भागवते यावर ठरत नाही. ती कशासाठी आहे आणि कोणाच्या संमतीने आहे, यावर ठरते. आजही कोणी मोठ्या पगाराची नोकरी सोडून शाळा काढतो, कोणी शेतीकडे वळतो, कोणी नाटकाला वाहून घेतो. तेव्हा घराचे हप्ते, मुलांची फी आणि म्हाताऱ्यांची औषधे यांचा मेळ बसवण्याचे काम घरातल्या दुसऱ्या माणसावर पडते, मग ते माणूस बायको असो, नवरा असो की वृद्ध आई. व्रत घेणाऱ्याने आगरकरांप्रमाणे एक पत्र अवश्य लिहावे. मात्र त्या पत्राला उत्तर येईल तोवर थांबावे, आणि उत्तर काहीही आले तरी ते आपल्या निश्चयाइतकेच जपून ठेवावे.