चाकोरी, चिखल आणि रस्ता बांधणारे हात

मे १९४२ मध्ये ब्रह्मदेशातून माघार घेणारे ब्रिटिश-भारतीय सैन्य चिंदविन नदीकाठी श्वेजिन येथे पोहोचले. नदी ओलांडण्याची साधने अपुरी होती, पलीकडे काबाव खोऱ्यातील कच्ची जंगलवाट होती आणि पावसाळा तोंडावर आला होता. जवळजवळ सर्व रणगाडे व बहुतेक ट्रक तेथेच टाकून सैनिक पायी निघाले.

१९४४ मध्ये हेच सैन्य त्या मुलखात परतले, तेव्हा त्याच्याजवळ मोठ्या संख्येने जीपगाड्या होत्या. वजन सुमारे ११०० किलो आणि चारही चाकांना इंजिनाची शक्ती. कोरड्या डोंगरवाटेवर जीप खेचराची बरोबरी करी. परंतु पाऊस पडताच चित्र पालटे. अवजड ट्रकांची चाके मऊ मातीत खोल चाकोरी पाडीत. जीपच्या पोटाखाली जेमतेम २२ सेंटिमीटर मोकळी जागा असे. चाकोरी त्याहून खोल गेली की गाडीचे पोट मधल्या उंचवट्यावर टेके आणि चाके जागच्या जागी फिरत राहत. दाट झाडीच्या सावलीत वाट लवकर वाळतही नसे. एक गाडी रुतली की मागची सारी रांग खोळंबे. म्हणूनच या आघाडीवर खेचरे आणि विमानांतून टाकलेली रसद अखेरपर्यंत अपरिहार्य राहिली.

यावरचा उपाय इंजिनात नव्हता, तो जमिनीत होता. काबाव खोऱ्यातील मार्गावर चौदाव्या सैन्याच्या अभियंत्यांनी तागाचे कापड डांबरात भिजवून सपाट केलेल्या मातीवर अंथरले. प्रत्येक पट्ट्याची कड शेजारच्या पट्ट्यावर चढवली. गाड्यांचा भार कापड पेलत नव्हते. ते केवळ पाणी अडवी. कोरडी राहिलेली मातीच भार पेली.

असे रस्ते कोणी बांधले? आसामातील लेडो येथून डिसेंबर १९४२ मध्ये अमेरिकी अभियंत्यांनी हाती घेतलेला डोंगरी रस्ता जानेवारी १९४५ मध्ये चीनकडे जाणाऱ्या जुन्या मार्गाला जोडला गेला. त्यावर राबलेल्या सुमारे १५,००० अमेरिकी सैनिकांपैकी बहुसंख्य कृष्णवर्णीय होते. वर्णभेदाच्या नियमांनुसार त्यांच्या पलटणी गोऱ्यांपासून वेगळ्या ठेवलेल्या होत्या. त्यांच्याबरोबर हजारो भारतीय आणि स्थानिक मजूर होते. दरडी, हिवताप आणि अपघात यांत एक हजाराहून अधिक अमेरिकी मृत्यू पावले. मजूरही पुष्कळ दगावले. रस्त्याला मात्र नाव मिळाले सेनापती स्टिलवेल यांचे.

परदेशातील एखाद्या युद्धसंग्रहालयात आपली मुले चकचकीत जीपसमोर उभी राहतील, तेव्हा तिच्या चाकांखालच्या रस्त्याची आणि तो बांधणाऱ्या हातांची गोष्टही त्यांना अवश्य सांगावी.