ट्रान्सफॉर्मरची निवड (छोट्या एसी-डीसी वीजपुरवठ्यासाठी)

२३० व्होल्ट, ५० हर्ट्झ घरगुती विजेवर चालणाऱ्या छोट्या डीसी पुरवठ्याला किती व्होल्टचा आणि किती व्होल्ट-अँपिअरचा (व्हीए) ट्रान्सफॉर्मर लागेल, हे ठरवण्याचा हिशेब. तो लोडपासून सुरू करून उलट सॉकेटपर्यंत न्यायचा असतो.

७८१२ रेग्युलेटर वापरून १२ व्होल्ट, १ अँपिअर हवे आहेत असे धरू. रेग्युलेटरला स्वतःसाठी सुमारे २ व्होल्ट जादा लागतात. ४७०० मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरवर १ अँपिअरला सुमारे २ व्होल्टची लहर (रिपल) राहते आणि ब्रिज रेक्टिफायरचे दोन डायोड मिळून जवळजवळ २ व्होल्ट खातात. बेरीज १८, पण हा शिखरदाब, १.४१ ने भागल्यावर १२.७ उरतात. वीज दहा टक्के उतरली तरी काम चालावे म्हणून सेकंडरी १५ व्होल्टची घ्यावी. बारा व्होल्ट हवेत म्हणून १२ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर आणला, तर लहरीच्या तळाशी रेग्युलेटरला १४ ऐवजी १३ व्होल्टच मिळतात आणि लोड ऑडिओचा असेल तर स्पीकरमध्ये १०० हर्ट्झची घरघर ऐकू येते.

खरी फसगत होते ती प्रवाहात. कपॅसिटर फक्त लहरीच्या माथ्यावर भरतो, त्यामुळे सेकंडरीतून प्रवाह थोडा वेळ, पण मोठ्या झटक्यांनी वाहतो. तार तापते ती प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात. म्हणून १ अँपिअर डीसीसाठी सेकंडरीचा आरएमएस प्रवाह १.६ ते १.८ अँपिअर धरतात. १५ गुणिले १.८ म्हणजे २७ व्हीए: १२ वॅटच्या कामाला दुपटीहून मोठा ट्रान्सफॉर्मर! लेबलावरचा ‘१ अँपिअर’ हा एसीचा असतो, हे दुकानात सहसा कोणी सांगत नाही.

वीज चढली की चित्र उलटते. छोट्या ट्रान्सफॉर्मरचा दाब लोड काढल्यावर १५ टक्के किंवा त्याहूनही अधिक वाढू शकतो. त्यात वीज दहा टक्के चढलेली असेल तर कपॅसिटरवर २५ व्होल्टांच्या वर दाब येतो. म्हणून कपॅसिटर ३५ व्होल्टचा घ्यावा. पूर्ण लोडवर रेग्युलेटरमध्ये सुमारे ६ वॅट उष्णता निघते, तिच्यासाठी हीटसिंक हवेच.

स्वतः गुंडाळायचा असेल तर २७ व्हीएला सुमारे ६ चौरस सेंटिमीटर छेदाचा ईआय गाभा लागतो. चुंबकीय घनता १ टेस्ला धरली तर दर व्होल्टला ७.५ वेढे, म्हणजे प्रायमरीला १७२५ वेढे येतात. सेकंडरीला २० गेजची तार पुरते; तिचे वेढे मात्र हिशेबापेक्षा थोडे जास्त द्यावेत.

टोरॉइडने उंची कमी होते, पण चालू करताना क्षणिक प्रवाह जोरात घुसतो. आकार खरोखर घटवायचा तर वारंवारताच वाढवावी लागते. मोबाइल चार्जरमधला फेराइट गाभा हजारो हर्ट्झवर चालतो, म्हणूनच तो बोटाच्या पेराएवढा असतो. जागा कमी आणि भार दहा वॅटच्या वर असेल, तर लोखंडी गाभ्याचा हट्ट धरू नये.