सिलिकोसिस : उपचार नाही, प्रतिबंध मात्र शक्य

घराचे नूतनीकरण सुरू असते. स्वयंपाकघराच्या ओट्यासाठी आणलेली ग्रॅनाइटची लादी कारागीर कटरने कापू लागतो आणि धुळीचा लोट उठतो. घरातील मंडळी दारे लावून घेतात. तासाभरात काम आटोपते. कारागिराच्या तोंडावर मात्र केवळ रुमाल असतो आणि दुसऱ्या दिवशी दुसऱ्या घरी तो हेच काम करीत असतो. या धुळीतूनच सिलिकोसिस हा फुफ्फुसांचा असाध्य विकार जडू शकतो.

कसा होतो हा विकार?

वाळू, गारगोटी, वालुकाश्म, ग्रॅनाइट यांत स्फटिकरूप सिलिका असते. ग्रॅनाइटमध्ये तिचे प्रमाण साधारण ३० टक्के, तर ओट्यांसाठी लोकप्रिय झालेल्या कृत्रिम क्वार्ट्झच्या लाद्यांमध्ये ते ९० टक्क्यांहूनही अधिक असू शकते. संगमरवरात ते अत्यल्प असते.

डोळ्यांना दिसणारी धूळ बहुतांशी नाका-घशातच अडते. खरा धोका न दिसणाऱ्या, दहा मायक्रॉनपेक्षा लहान कणांचा असतो. ते फुफ्फुसांच्या वायुकोशांपर्यंत पोहोचतात. शरीराच्या संरक्षक पेशी हे कण गिळतात, पण पचवू न शकल्याने स्वतःच मरतात. तेथे दाह होऊन व्रणासारखे कठीण ऊतक तयार होते आणि फुफ्फुसे ताठर होत जातात. काम सोडल्यानंतरही ही प्रक्रिया सुरू राहू शकते. विकार सहसा दहा वर्षांहून अधिक काळाने प्रकट होतो, मात्र धुळीचे प्रमाण फार असल्यास काही महिन्यांतही तो बळावतो. अशा रुग्णांना क्षयरोगाचा धोका कैकपटीने वाढतो. स्फटिकरूप सिलिकेची धूळ कर्करोगकारक असल्याचे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९७ मध्येच जाहीर केले आहे.

गोध्र्याचा धडा

मध्य प्रदेशातील झाबुआ, अलिराजपूर, धार या जिल्ह्यांतील आदिवासी मजूर गुजरातेतील गोध्रा परिसरात गारगोटी दळण्याच्या कारखान्यांत कामाला जात. त्यांतील अनेक जण ऐन तारुण्यात दगावले. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने हा प्रश्न उचलून धरला. अखेर २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने २३८ मृतांच्या वारसांना प्रत्येकी तीन लाख रुपये देण्याचा आदेश गुजरात सरकारला दिला. भरपाई मिळाली, पण गेलेली माणसे परत आली नाहीत.

धूळ उगमापाशीच रोखा

प्रतिबंधाचे उपाय नवे नाहीत. महत्त्वाचा आहे तो त्यांचा क्रम.

पर्याय : वाळूच्या फवाऱ्याने धातू घासण्याऐवजी पोलादी कण वापरता येतात. जीन्सवर वाळूचा फवारा मारण्यास तुर्कस्तानने २००९ मध्ये बंदी घातली. कृत्रिम क्वार्ट्झच्या लाद्यांचे उत्पादन, विक्री व बसवणी यांवर ऑस्ट्रेलियात १ जुलै २०२४ पासून बंदी आहे.

पाणी : कापताना किंवा छिद्र पाडताना पात्यावर सतत पाण्याची धार हवी. साध्या विद्युत यंत्रावर पाणी ओतणे मात्र जीवघेणे ठरू शकते. त्यासाठी ओल्या कामाचेच यंत्र वापरावे.

बंदिस्ती : दळणयंत्रे झाकावीत आणि धूळ जेथे निर्माण होते तेथेच ती शोषून घेणारी यंत्रणा बसवावी.

स्वच्छता : कोरडी झाडलोट किंवा हवेच्या झोताने कपडे झटकणे टाळावे. ओल्या फडक्याने पुसावे. कामाचे कपडे घरी नेऊ नयेत.

मास्क : हा शेवटचा उपाय, पहिला नव्हे. रुमाल किंवा साधा कापडी मास्क सूक्ष्म कण अडवत नाही. चेहऱ्यावर घट्ट बसणारा, किमान एन-९५ दर्जाचा मास्क हवा.

तपासणी आणि कायदा

दम लागणे, कोरडा खोकला, वजन घटणे ही लक्षणे क्षयरोगाशी मिळतीजुळती असल्याने निदान चुकण्याचा संभव असतो. म्हणून रुग्णाने आपला व्यवसाय डॉक्टरांना आवर्जून सांगावा. छातीचा एक्स-रे आणि फुफ्फुसांच्या कार्यक्षमतेची चाचणी ठरावीक काळाने करून घ्यावी. धूम्रपान टाळावे.

१९४८ च्या कारखाने अधिनियमानेच सिलिकोसिसची नोंद शासनाला कळवणे बंधनकारक केले होते आणि २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेतही हा विकार अधिसूचित रोगांत आहे. अडचण आहे ती हजेरीपटावर नावच नसलेल्या असंघटित मजुरांची. नोकरीचा पुरावा नसेल, तर भरपाईचा दावा तरी कशाच्या आधारे करायचा?

कायदा या मजुरांपर्यंत पोहोचेल तेव्हा पोहोचेल. ओटा बसवून घेणाऱ्या ग्राहकाला मात्र आजच एक अट घालता येईल. लादी कार्यशाळेत, पाण्याच्या धारेखाली कापून आणा, असे ठेकेदाराला सांगावे आणि त्याचे थोडे अधिक पैसे मोजावेत. घरात धूळ होणार नाही आणि कारागिराच्या छातीतही जाणार नाही.