क्षारता, बांगलादेश किनारपट्टीवरील
बांगलादेशाच्या नैर्ऋत्येकडील खुलना, सातखीरा व बागेरहाट जिल्ह्यांत जमीन आणि गोडे पाणी खारट होत जाण्याची प्रक्रिया. समुद्रपातळीतील वाढ हे तिचे एकमेव कारण नव्हे. 1975 मध्ये भारतात गंगेवरील फराक्का बंधारा सुरू झाल्यावर उन्हाळ्यात खालच्या अंगाला गंगेचा प्रवाह रोडावला आणि समुद्राचे खारे पाणी नद्यांतून आत शिरू लागले. 1980 च्या दशकापासून कोळंबीपालनासाठी भातखाचरांत मुद्दाम खारे पाणी घेतले गेले. मे 2009 मधील आयला चक्रीवादळात मातीचे बांध फुटले आणि कित्येक गावांत भरतीचे पाणी दीर्घकाळ येत राहिले. कोळंबीला भातापेक्षा फार कमी मजूर लागतात. त्यामुळे भूमिहीनांची मजुरी बुडते, पुरुष शहरांकडे जातात. कळशी कमरेवर घेऊन गोड्या पाण्याच्या तळ्यापर्यंतची पायपीट बायकामुलींच्या वाट्याला येते. खुलना जिल्ह्याच्या दाकोप उपजिल्ह्यातील पाहणीत गर्भवतींमधील उच्च रक्तदाब पावसाळ्यापेक्षा, पिण्याचे पाणी अधिक खारट असणाऱ्या कोरड्या ऋतूत अधिक आढळला. ही हानी वादळबळींच्या आकड्यांत दिसत नाही, म्हणूनच तिची उपेक्षा अन्यायकारक आहे. निवारे व पूर्वसूचनेमुळे वादळांतील मृत्यू 1970 च्या चक्रीवादळाच्या तुलनेत कितीतरी घटले. पिण्याच्या पाण्याबाबत तशी तत्परता दिसलेली नाही. पावसाचे पाणी साठवण्याच्या टाक्या आणि क्षार सोसणारे भाताचे वाण हे तेथील प्रमुख उपाय होत.